रिव्हॉल्वरचं काडतूस आणि लांब नळी: वाचकांची पत्रं

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की अमेरिकेत कमरेच्या रिव्हॉल्वरला आणि खांद्यावरच्या हलक्या कार्बाइनला (म्हणजे आखूड रायफलीला) एकच काडतूस वापरायची जुनी पद्धत आहे, शिकारीलाही आणि टारगेटलाही. त्या ओळीवर एवढी पत्रं आली की हा सगळा कॉलम तिलाच दिलाय. नावं गाळलीत. लायसन्सचा मामला असला की लोक सही करतात आणि खाली लिहितात, नाव छापू नका.

प्रश्न: गोळी तीच, दारू तीच, पुंगळी तीच. मग रिव्हॉल्वरचं काडतूस कार्बाइनमधे घालून जोर कुठून वाढणार? आणि लोकांनी हे करायला सुरुवात का केली? (होटगी रोड, सोलापूर)

जोर नळीतून येतो. दारू पेटली की गॅस होतो, तो गोळीला ढकलतो, आणि गोळी नळीच्या तोंडातून सुटली की ढकलणं संपलं, मागे कितीही दारू जळायची राहिलेली असू दे. चार इंची रिव्हॉल्वर अंधारात मारलं तर तोंडाशी मोठा जाळ दिसतो ना, तो म्हणजे गोळीच्या कामाला न आलेली दारू. शिवाय रिव्हॉल्वरमधे सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरणारा गोल) आणि नळी यांच्यात बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार कसा, आणि त्या फटीतून थोडा गॅस दरवेळी बाजूला पळतो. कार्बाइनला ही फटच नसते.

आकडे बघा म्हणजे पटेल. .३५७ मॅग्नमची (आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात; मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस) १५८ ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे वजन, साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम) चार इंची नळीतून सेकंदाला १२३५ फुटाच्या आसपास निघते. तीच कार्बाइनच्या नळीतून कारखान्याच्या तक्त्यात १८३० फूट दाखवतात. वेग दीडपट झाला की मार दुपटीच्या वर जातो, ५३५ फूट-पाउंडाचे (मार मोजायचं माप) ११७५ होतात. एकाच डब्यातलं काडतूस हां हे, दुसरं काही नाही.

पण इथेच लोक फसतात, की नळी लांब म्हणजे जोर जास्त, संपला विषय. तसं नाहीये. मॅग्नमच्या पुंगळीत सावकाश जळणारी दारू भरपूर भरलेली असते, तिला लांब नळी मिळाली की ती शेवटपर्यंत ढकलत राहते. साधं .३८ स्पेशल घ्या, त्यात पटकन जळणारी दारू चिमूटभर, ती पहिल्या काही इंचातच जळून मोकळी होते आणि पुढे गोळी नुसती नळीला घासत जाते. रिव्हॉल्वरमधे साडेसातशे फुटाच्या आसपास जाणारी ती गोळी कार्बाइनमधून फार तर शंभर-दीडशे फूट जास्त देईल. .२२ चं तर सोळा इंचाच्या आसपासच काय ते मिळून जातं, त्यापुढे वाढवलेली नळी नेम धरायला बरी, वेगाला उपयोग नाही.

आता सुरुवात. १८७३ साली विंचेस्टर कंपनीने .४४-४० काडतुसाची लिव्हरवाली रायफल (चापाखालचा दांडा खालीवर केला की पुढचं काडतूस चढतं ती) काढली आणि त्याच वर्षी कोल्टचं ते प्रसिद्ध सिक्स शूटर आलं, पण ते .४५ चं. मग घोड्यावर महिना महिना फिरणाऱ्या माणसाने दोन जातीची काडतुसं का बाळगायची, म्हणून कोल्टने पाच-सहा वर्षांत तेच रिव्हॉल्वर .४४-४० मधेही विकायला काढलं. पट्ट्यात एकच काडतूस, ते कमरेलाही चालतं आणि खांद्यालाही. पुढे .३८-४० आणि .३२-२० ही पण तशीच दोन्हीकडे चालली. सिनेमात .४५ कोल्टची विंचेस्टर दाखवतात ते त्या काळाच्या हिशोबाने चूक आहे, कारण जुन्या .४५ च्या पुंगळीची मागची कड इतकी अरुंद होती की रायफलच्या एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) पकडायला काही लागायचंच नाही, रिकामी पुंगळी आतच राहायची. आता कड नीट असते, आता बनवतात.

या सोयीची एक वाईट बाजूपण आहे आणि ती कोणी सांगत नाही. विंचेस्टरची १८९२ ची रायफल जास्त मजबूत निघाली, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन ते, मग तिच्यासाठी .४४-४० ची जास्त वेगाची काडतुसं आली. ती दिसायला अगदी तशीच, घुसायचीही रिव्हॉल्वरमधे आणि १८७३ च्या नाजूक रायफलमधे. डब्यावर लिहिलेलं असायचं की यांच्यात घालू नका. पण पट्ट्यात सुटी भरल्यावर डबा कोण बघतो?

प्रश्न: कार्बाइन म्हणजे बंदोबस्ताला पोलिसांच्या गळ्यात असते तीच ना? (बार्शी)

नाव तेच, चीज वेगळी. आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की डोळ्यासमोर ती बाजूला मॅगझिनवाली ९ एमएमची स्टर्लिंग जातीची गन येते, कानपूरला बनलेली, नळी जेमतेम आठ इंच, मनात आलं तर धडाधड चालणारी. मुळात कार्बाइन म्हणजे फक्त आखूड, हलकी रायफल, घोडेस्वारांसाठी केलेली. मी ज्या लिहितोय त्या सोळा ते वीस इंच नळीच्या, एका दाबाला एकच गोळी, वजन अडीच-तीन किलो. एक साम्य मात्र आहे, की पोलिसांची ती पण मुळात पिस्तुलाच्याच काडतुसावर चालते. म्हणजे हा प्रकार आपल्याला वाटतो तेवढा परका नाही बघा.

प्रश्न: माझ्याकडे लायसन्सचं .३२ रिव्हॉल्वर आहे, कानपूरचं. ओळखीतला एक कारागीर म्हणतो नळी लांब करून मागे लाकडी दस्ता बसवून देतो, कार्बाइनसारखं होईल, शेतावर टारगेट मारता येईल. करू का? (पंढरपूर तालुका)

नका करू. त्या कारागिराच्या दुकानाच्या गल्लीतूनसुद्धा जाऊ नका.

कायद्याचं आधी. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणं, त्यात बदल करणं, अगदी दुरुस्त करणंसुद्धा लायसन्सवाल्याचंच काम आहे, आणि विनापरवाना असली कामं करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आहेत, वरची हद्द जन्मठेप. तुमच्या लायसन्सवर रिव्हॉल्वर लिहिलंय, रिव्हॉल्वर म्हणून नंबर चढलाय. उद्या इलेक्शनला जमा करायला ठाण्यात घेऊन गेलात आणि पिशवीतून दीड हात लांब प्रकरण निघालं तर तिथला हवालदार काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा.

समजा कायदा बाजूला ठेवला तरी ही कल्पनाच मार खाऊन झालेली आहे, आणि तीसुद्धा कोल्टसारख्या कंपनीच्या हातून. १८५५ चं मॉडेल म्हणून त्यांनी सिलिंडरवाली रायफल काढली होती, म्हणजे मोठं रिव्हॉल्वरच, दस्ता लावलेलं. रायफल धरताना डावा हात पुढे जातो, म्हणजे नेमका त्या फटीच्या पुढे. वर सांगितलेला तो गॅस आणि त्याच्याबरोबर शिशाचे तासलेले बारीक तुकडे सरळ मनगटावर आणि हातावर बसायचे. त्यात ती ठासणीच्या पद्धतीची, उघडी दारू, त्यामुळे कधी कधी एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्याला लागायची आणि दोन-तीन कप्पे एकदम सुटायचे, आणि ते काही नळीतून जात नाहीत, नळीच्या बाजूने जातात, जिथे तुमचा हात असतो. सैनिक डावा हात सिलिंडरच्या मागे धरून मारायला लागले. हल्ली टॉरस कंपनीने तसली एक काढली आहे, तिला फटीपाशी आडोसा बसवलाय, पण ते कारखान्याचं काम. तुमचा माणूस पाइप आणून वेल्डिंग करणार.

आणि एवढं करून मिळणार काय? तुमचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ९८ ग्रेनची गोळी, वेग सातशे फुटाच्या आसपास. मघाशी .३८ चं सांगितलं तेच याचं, चिमूटभर दारू, लांब नळीला खायला काही नाही. पण म्हणून या काडतुसाला हलकं समजू नका. २५ मीटरच्या सेंटर फायर पिस्तुल स्पर्धेत जगभरचे नेमबाज हेच काडतूस वापरतात, पुढून सपाट कापलेल्या वॅडकटर गोळीचं, कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पडतं. जोर नाही म्हणूनच ते इतकं नेमकं मारता येतं, हात उडत नाही. जे आहे ते आहे तसंच ठेवा, आणि मारायचंच असेल तर शेतावर नाही, रेंजवर जा.

प्रश्न: आमच्याकडे रानडुकरं मका आणि ऊस लोळवतात. यूट्यूबवर .४४ मॅग्नमच्या लिव्हर रायफलने अमेरिकन लोक डुकरं मारताना दिसतात. ते काडतूस खरंच तेवढं चांगलं आहे का, आणि आपल्याला मिळेल का? (करमाळा)

पहिल्याचं उत्तर हो, दुसरं जरा थांबून.

.४४ मॅग्नम १९५५ चं, रिव्हॉल्वरसाठीच बनवलेलं, आणि १९६१ साली रुगर कंपनीने त्याची छोटी सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन (एका दाबाला एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप चढणारी) काढली, ती दाट झाडीत हरणाच्या शिकारीला लोकांनी उचलून धरली. नंतर मार्लिनच्या लिव्हरवाल्या आल्या. कार्बाइनमधून २४० ग्रेनची गोळी १७६० फुटाने निघते, शंभर यार्डावर साधारण हजार फूट-पाउंड मार शिल्लक राहतो. डुक्कर, हरीण यांना तेवढा पुरतो. पण शंभर यार्डापुढे ही गोळी दगडासारखी खाली यायला लागते. बुटकी, जाड, पुढून सपाट, हवा तिला लवकर अडवते. शंभर यार्डावर नेम बरोबर लावलेल्या रायफलची गोळी दोनशे यार्डावर जवळजवळ दीड फूट खाली जाते आणि मार साडेसहाशेच्या आसपास येतो, म्हणजे जनावर जखमी होऊन पळणार, आणि जखमी डुक्कर उसात शिरलं की त्याच्या मागे कोण जाणार? जाणता शिकारी म्हणूनच ही रायफल घेऊन झाडीत बसतो, उघड्या माळावर नाही. आपल्याकडच्या .३१५ रायफलची गोळीही २४४ ग्रेनची, वजन जवळजवळ तेच, पण ती सडपातळ, लांब आणि जास्त वेगाची, दोनशे यार्ड तिला काहीच नाहीत.

गोळीची जात बघणं इथे सगळ्यात महत्त्वाचं. रिव्हॉल्वरच्या वेगाला फुलेल अशी बनवलेली हलकी पोकळ टोकाची गोळी कार्बाइनच्या वेगाने कातडीतच फुटून बसते, आत जातच नाही. डुकराच्या खांद्यावर जाड चिवट कातडं असतं, तिथे तर तिचा चुराच. त्याला जड गोळी पाहिजे, मऊ टोकाची किंवा कडक शिशाची. त्यातही सगळ्या नळ्या सारख्या नसतात, मार्लिनच्या जुन्या .४४ च्या नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा) सावकाश, ३८ इंचात एक फेरा, त्यामुळे २४० च्या फार वर गेलेल्या लांब गोळ्या तिच्यात नीट स्थिर होत नाहीत आणि लोक म्हणतात रायफल खराब. रुगरच्या नंतरच्या .४४ रायफलींचा फेरा २० इंचात, त्यांना चालतात.

ओहायोसारख्या मक्या-सोयाबीनच्या सपाट राज्यात तर वर्षानुवर्षं हरणाला रायफल चालायचीच नाही, फक्त शॉटगन, ठासणीची वगैरे. २०१४ पासून सरळ पुंगळीच्या (तोंडाशी निमुळती न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली चालायला लागल्या, त्यात .३५७ आणि .४४ बसल्या. कारण उघड आहे, सपाट रान, मधेमधे वस्ती, लांब जाणारी गोळी कोणाच्या अंगणात पडेल सांगता येत नाही. आता तुमचं रान डोळ्यासमोर आणा. करमाळ्यापासून नान्नजपर्यंत माळच माळ, गोळी अडवायला एक बांध सोडला तर काय आहे?

आणि आता दुसरं उत्तर. शिकारीसाठी म्हणून असली रायफल आपल्याकडे नाहीच, कारण शिकारच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. नान्नजला काळवीट बांधावर उभं राहून हरभरा खातं, शेतकरी शिव्या घालतो आणि हाकलतो, तेवढंच. डुकराचं, पिकाच्या नुकसानीचं असेल तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, लेखी परवानगी, आणि परवानगीत लिहिलंय तेवढंच आणि त्याच माणसाने. करमाळ्याच्या लोकांना हे मी काय सांगणार, डिसेंबर २०२० मधे तो माणसं मारणारा बिबट्या तुमच्याच तालुक्यात मारला, तोसुद्धा वनखात्याच्या आदेशावरच. पीक संरक्षणासाठी आर्म्स ॲक्टमधे वेगळं लायसन्स आहे, पण ते मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचं. मॅग्नम कार्बाइनचं स्वप्न सोडा आणि कुंपणाला अनुदान मिळतं का ते कृषी ऑफिसात विचारा. मला माहितीये हे वाचून राग येतो, रात्रभर डबा वाजवत जागणाऱ्या माणसाला तर येणारच.

प्रश्न: भाचा टेक्सासला असतो, त्याने .३५७ ची कार्बाइन घेतली आहे, म्हणतो .३८ ची स्वस्त काडतुसं पण हिच्यात चालतात. खरं का? मी पुढच्या महिन्यात जातोय, त्याच्याबरोबर रेंजवर मारणार आहे. (सात रस्ता, सोलापूर)

खरं आहे, आणि मजा करा काका. .३५७ ची पुंगळी म्हणजे .३८ स्पेशलचीच, फक्त इंचाच्या आठव्या हिश्शाने लांब. मुद्दाम लांब केली, की जोरदार काडतूस जुन्या नाजूक .३८ मधे पूर्ण बसूच नये. म्हणजे .३८ हे .३५७ मधे चालतं, उलटं कधी नाही.

चारपाच गोष्टी भाच्याला विचारून घ्या. लिव्हर रायफलला काडतूस वर आणणारी यंत्रणा ठराविक लांबीला सरावलेली असते, काही रायफली आखूड .३८ ला अडखळतात, काही नाही. वर सांगितलेली सपाट वॅडकटर गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर कापलेली असते, ती लिव्हर रायफलमधे हमखास अडकते, ती रिव्हॉल्वरलाच ठेवा. खूप .३८ मारून झाल्यावर चेंबरमधे पुढच्या बाजूला काजळी आणि शिशाचं कडं धरतं, मग लांब .३५७ घुसत नाही किंवा मारल्यावर पुंगळी चिकटते, तेव्हा ब्रश घालून साफ करायचं आणि मगच मॅग्नम. आणि नळीखालच्या लांब मॅगझिनमधे काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीवर (ठोका बसला की दारू पेटवते ती) टेकतं, म्हणून कडक टोकदार गोळी त्यात कधीच नाही, सपाट टोकाचीच.

.३८ मारताना खांद्याला नुसती टपली बसते आणि आवाजही कमी, कारण गोळी आवाजाच्या वेगाच्या आतच राहते. तिकडे काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणून प्रकार चालतो, जुने पोशाख घालून लोखंडी पाट्यांवर मारायचं, त्यात रायफलसुद्धा रिव्हॉल्वरच्याच काडतुसाची लागते. पाट्या जवळ असतात, रायफलची वेगवान गोळी पाटीला खड्डे पाडेल आणि तुकडे मागे उडवेल, शिशाची सावकाश गोळी पाटीवर चपटी होऊन खाली पडते. तरी चष्मा घालाच. फोटो पाठवा, पण रायफलच्या तोंडासमोर उभं राहून काढलेला नको.

प्रश्न: मुलगी नववीत आहे, तिला नेमबाजी शिकायची आहे. तुमच्या या कार्बाइनसारखं हलकं, धक्का न देणारं आपल्याकडे काय आहे? (अक्कलकोट)

आहे, आणि गंमत म्हणजे तेही रिव्हॉल्वरच्याच घरातलं. .२२ शॉर्ट हे काडतूस १८५७ साली स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या छोट्या रिव्हॉल्वरसाठी निघालं, खिशात ठेवायचं स्वसंरक्षणाला, २९ ग्रेनची गोळी. लोकांनी ते रायफलमधे घातलं, मग पुंगळी थोडी लांब झाली, मग १८८७ मधे स्टीव्हन्स कंपनीने ४० ग्रेनची गोळी घालून .२२ लाँग रायफल केलं. ऑलिंपिकची ५० मीटर रायफल आज त्यावरच चालते. रॅपिड फायर पिस्तुलात तर २००४ च्या अथेन्सपर्यंत तो मूळचा .२२ शॉर्टच होता.

पण मुलीला एकदम .२२ नको. दहा मीटरची एअर रायफल, .१७७ ची. २० ज्यूलच्या आतली आणि .१७७ पर्यंतची एअर गन असली तर लायसन्स लागत नाही, स्पर्धेची रायफल त्याच्या निम्म्याच्याही खालीच असते. लगेच विकत घेऊ नका, महाग असते आणि नववीतल्या मुलीची उंची अजून वाढणार, दस्ता बदलावा लागतो. आधी क्लबच्या रायफलवर सहाएक महिने काढू द्या, उभं राहणं, श्वास, चाप हळू दाबणं हे बसू द्या. सोलापुरात क्लबची चौकशी करताना एकच बघा, कोच पहिल्या दिवशी रायफल हातात देतो का आधी नियम पाठ करून घेतो. पहिल्याच दिवशी देत असेल तर दुसरा बघा. .२२ चं नंतर, क्लब आणि राज्य रायफल असोसिएशनमार्फत, तेव्हा परत लिहा, कागदपत्रांचं सविस्तर सांगतो.